सहा सकाळी, सहा संध्याकाळी

"तीन सकाळी, तीन संध्याकाळी," डॉक्टर म्हणाले. "घरी जाऊन काय सांगणार?"

"तीन सकाळी, तीन संध्याकाळी," मी म्हणालो.

"पुन्हा एकदा."

मी पुन्हा एकदा सांगितलं. पन्नाशी गाठलेला माणूस मी, बांधकाम खात्यात रोडरोलर चालवणारा, अर्ध्या सांगली जिल्ह्याची खडी माझ्या चाकाखालून गेलेली, आणि पुण्याच्या त्या दवाखान्यात पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा टेबलासमोर उभा. डॉक्टरांचाही इलाज नव्हता. ज्यानं औषध घ्यायचं तो माणूस अडीचशे किलोमीटरवर, जतला, तोंडाला फडकं बांधून एका खोलीत बसलेला. गर्दीत यायचं नाही, बसमध्ये बसायचं नाही, असा त्याला हुकूम. म्हणून रक्त घरीच काढून सांगलीत तपासायचं, कागद मी पुण्याला न्यायचा आणि डॉक्टर काय म्हणाले ते परत घेऊन यायचं, असं आमचं ठरलं होतं. अठ्ठ्याण्णव साल. दाजींच्या घरी फोन नव्हता.

दाजी म्हणजे महालिंग शेटे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जतच्या पेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांच्या दोन्ही किडन्या आदल्या वर्षी बसल्या. वर्षभर आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवून घेत होते. मग माझ्या बहिणीनं, निलाक्कानं, आपली डावी किडनी दिली. कुणाला विचारलं नाही. एक दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, माझी जुळते का बघा. जुळली. तीन महिन्यांपूर्वी ती हिच्या कुशीतून काढून त्यांच्या ओटीपोटात बसवली. मूलबाळ नव्हतं दोघांना. अक्का गमतीनं म्हणायची, आता पोटुशी हे आहेत.

तर त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं आणि मला समजावलं. "ही किडनी बायकोची आहे हे शरीराला कळत नाही. शरीराला ती परकी वाटते. आत एक राखणदार असतो, तो परक्याला मारायला उठतो. या कॅप्सूल त्याला झोपवून ठेवतात. रिपोर्ट सांगतोय की तो डोळे किलकिले करायला लागलाय. म्हणून दोनाच्या तीन करतोय."

मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, की जास्त झाल्या तर काय होतं.

"मग तो इतका गाढ झोपतो की भिंतीवरची बुरशीसुद्धा आत शिरली तरी कुणी अडवत नाही. ध्यानात ठेवा. औषध कमी पडलं तर किडनी जाते. जास्त झालं तर माणूस जातो. माझे पेशंट किडनी बिघडून गेले त्यापेक्षा साध्या ताप-खोकल्यानं जास्त गेलेत. ताप आला तर त्याच दिवशी इथं घेऊन यायचं."

दोन्ही गोष्टी मी ऐकल्या. कानानं ठणठणीत होतो. पण माझ्या मनात घर केलं ते पहिल्या गोष्टीनं. का, ते सांगतो.

मला बोलायची थोडी सवय होती. रोलरवर दिवसभर ताशी चार किलोमीटरनं पुढं जायचं, ताशी चार किलोमीटरनं मागं यायचं. डोकं रिकामं, गाव परकं. संध्याकाळी पारावर बसलं की जिभेला पाय फुटायचे. विट्याजवळच्या उतारावर रोलरचा ब्रेक गेला आणि मी एस.टी.ला मागं टाकून कराड गाठलं, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं, की पुढं पुढं मलाच त्या एस.टी.चा कंडक्टर आठवायला लागला. त्यानं मला घंटी मारून वाट दिली होती.

दाजी माझ्या उलटे. डोळ्याला भिंग लावून तीळभर चाकाचे दाते मोजणारा माणूस. लग्न झाल्यापासून माझ्या गप्पा ऐकत आलेले, पण एकदाही मला खोटा म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त एक नियम काढला. गुरुपादाचं, म्हणजे माझं, निम्मं धरायचं. मी म्हणालो कोयनेच्या बाजूला वीस फुटी अजगर बघितला, की ते भिंगातून नजर न काढता म्हणायचे, "दहा." मी म्हणालो एका बैठकीला चाळीस पुऱ्या खाल्ल्या, की अक्काला सांगायचे, वीस तळ. रोलर साठच्या वेगानं सुटला म्हणालो, तर म्हणाले, "तीस. आणि उतार संपल्यावर पंधरा."

हा नियम पेठेत पसरला. चहावाल्यापर्यंत गेला. मी दोन चहा मागवले की तो एकच आणायचा आणि लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. खोटं कशाला सांगू, मला त्यात मोठेपणा वाटायचा. अख्ख्या तालुक्यात स्वतःचा भाव असलेला मीच एक.

पण एकदा तो भाव मला लागला होता. माझ्या बायकोला जुळं झालं तेव्हा मी दाजींना निरोप धाडला, जुळं झालंय. बारशाला अक्का आली, तर पिशवीत एकच अंगडं, एकच टोपडं. दाजी दोन पाळणे बघून थबकले. मग म्हणाले, "हे तू आधी सांगायचंस की खरं आहे म्हणून." मी म्हणालो, सांगितलं असतं तर त्याचंही निम्मं धरलं असतं तुम्ही. त्यावर त्यांनी मान हलवली. हिशेब बरोबर होता.

आता पुण्याहून सुटलेल्या गाडीत माझी अवस्था बघा. पिशवीत एकशेऐंशी कॅप्सूल, करड्या, मऊ, पाकीट फोडलं की नाकात झिणझिण्या आणणारा वास. महिन्याभराच्या. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं, पण मधे कमी पडायला नकोत म्हणून डॉक्टरांनी महिन्याच्या लिहून दिलेल्या. चिठ्ठी दवाखान्यातल्या औषधवाल्यानं शिक्का मारून ठेवून घेतली, ती त्यांची रीतच होती. माझ्याजवळ उरलं काय, तर माझं तोंड.

शिरवळ येईपर्यंत मी तीन सकाळी, तीन संध्याकाळी घोकत होतो. शिरवळला गाडी थांबली, मी चहा मागवला, आणि त्या पोऱ्यानं एक कप समोर ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तीन म्हणालो की दाजी दीड धरणार. कॅप्सूल काही अर्धी होत नाही. मग हा माणूस एकच घेणार. म्हणजे आत्ता दोन घेतोय त्यापेक्षाही कमी. तो राखणदार ताडकन उठणार आणि माझ्या बहिणीची किडनी ओटीपोटातल्या ओटीपोटात मारून टाकणार.

शपथ घेऊन सांगावं, तर शपथा मी अजगरावरही घेतल्या होत्या. मुलांच्या डोक्यावर हात ठेवावा, तर रोलरच्या गोष्टीत तोही ठेवून झाला होता.

साताऱ्याला माझं ठरलं. सहा सांगायच्या. ते निम्म्या करतील. तीन पोटात जातील. मला इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाला मी उगाच खारे दाणे दिले. आयुष्यभर लोकांनी माझं निम्मं केलं, आज मी त्यांच्या निम्म्याचाच उपयोग करणार होतो, आणि तोही बहिणीसाठी. कराड ओलांडताना मला माझ्याच हुशारीचं हसू येत होतं.

घरी पोचलो तेव्हा अक्का अंगणात पाणी उकळत होती. किडनी दिल्यापासून ती डाव्या कुशीला हात धरून चालायची. दाजी आतल्या खोलीत, खिडकीपाशी, टेबलावर कुणाचंतरी मनगटी घड्याळ उघडून बसलेले. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो, तसा नियम होता.

"काय म्हणाले?" दाजींनी विचारलं.

"सहा सकाळी, सहा संध्याकाळी."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "डॉक्टर असं म्हणाले?"

"त्यांच्या तोंडचे शब्द."

"दोनाच्या एकदम सहा?"

मी म्हणालो, तुमचा राखणदार जागा व्हायला लागलाय, त्याला थोपटून झोपवायला एवढ्या लागणारच. राखणदाराचं सगळं सविस्तर सांगितलं. त्याला मिशा दिल्या, हातात काठी दिली, घोंगडं दिलं. मला वाटलं जितकं रंगवावं तितकं बरं, म्हणजे नियमाची आठवण राहील. दाजी ऐकत राहिले. ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं, ते मला ओळखीचं वाटलं. निम्मं करतानाचं हसू. मी निर्धास्त झालो.

त्यांनी पिशवी मागितली. पाकिटं टेबलावर रांगेत मांडली आणि चिमट्याच्या टोकानं एकेक मोजली. पुढची तपासणी कधी, एवढंच विचारलं. मी म्हणालो, पंधरा दिवसांनी. ते "बरं" म्हणाले.

गोळ्यांना अक्का हात लावत नसे. ते खातं दाजींचं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचा पहिला टोला पडायला आणि घोट घशाखाली उतरायला एकच गाठ पडायची. किती गिळतात ते कुणी बघत नव्हतं. असल्या माणसाचं कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी मी उमदीच्या रस्त्यावर कामाला गेलो. आठ दिवस तिकडंच होतो. नवव्या दिवशी परत आलो तो सरळ दाजींकडं. उंबऱ्यावरून बघतो, तर ते एका बाईच्या इवल्याशा घड्याळात स्क्रू बसवत होते आणि स्क्रू बसत नव्हता. चिमटा थरथरत होता. एकदा पडला, दुसऱ्यांदा पडला. पस्तीस वर्षांत मी त्यांच्या हातून स्क्रू पडलेला बघितला नव्हता.

"हात ऐकत नाही रे," ते म्हणाले.

मी काय करावं? मी त्यांना खात्यातल्या एका ऑपरेटरची गोष्ट सांगितली. त्याचा हात इतका थरथरायचा, की त्यानं केलेला रस्ता नागमोडी झाला आणि पुढं त्यावर धावणाऱ्या गाड्यांतल्या माणसांना दारू न पिता चढायची. दाजी हसले. हसता हसता खोकला आला. कोरडा, लहानसा. अक्का आतून म्हणाली, चार दिवस झाले, हे असंच चाललंय. मी म्हणालो, अशक्तपणा आहे, मोठं ऑपरेशन झालंय. त्यांना हसवल्याचं समाधान घेऊन मी घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. अंगात ताप, श्वास लागतोय. जीप केली. आम्ही तिघं. दाजींनी निघताना स्वतः गोळ्यांचा डबा पिशवीत घातला. दुपारी पुण्याला पोचलो, तोवर त्यांचे ओठ जांभळे पडले होते.

त्यांना एका काचेच्या खोलीत घेतलं, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढायला सांगितलं, मग पिशवीतला डबा उघडून कॅप्सूल टेबलावर ओतल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"मी महिन्याच्या दिल्या होत्या," ते म्हणाले. "आज बारा दिवस झाले. एकशेआठ राहायला पाहिजेत. या छत्तीस आहेत. बाकीच्या कुठं गेल्या?"

खोलीत आम्ही चौघं. डॉक्टर, कॉटवर दाजी, पायथ्याशी अक्का, आणि दाराला पाठ लावून मी. माझ्या पाठीखाली दाराची कडी रुतत होती, ती अजून रुतते.

दाजींनी मास्क जरा वर केला. "घेतल्या," ते म्हणाले.

"एका वेळेला किती?"

"सहा."

"मी तीन सांगितल्या होत्या," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुमच्याकडून दोनदा म्हणून घेतलं होतं."

दाजींनीही माझ्याकडं बघितलं. भिंग डोळ्याला लावल्यावर बघायचे तसं. बंद घड्याळ उघडलं, की ते असं निवांत, एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जात बघायचे, आणि कुठला दाता मोडलाय ते सापडलं की झाकण लावायचे. मला दिसलं, त्यांना सापडलं.

"ह्यानं तीनच सांगितल्या," ते म्हणाले. "वाढवल्या मी. लवकर दुकानात बसायचं होतं."

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली. कॉटच्या गजावर तिचा हात होता, तो काढून घेतला, डाव्या कुशीवर ठेवला आणि बाहेर गेली.

फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली. बुरशी, डॉक्टर म्हणाले. औषधं थांबवली, बुरशीवरची औषधं सुरू केली, पण झोपलेला राखणदार हाकेसरशी उठत नाही, त्याला आठवडे लागतात. तेवढे दिवस आहेत का, असं मी विचारलं. त्यांनी फोटो पाकिटात घातला.

तिसऱ्या दिवशी मला दहा मिनिटं आत सोडलं. अंगात हिरवा झगा, डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं. दाजी माझ्या डोळ्यांवरून मला ओळखून हसले. मी कॉटपाशी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. शिरवळचा चहा, दीड कॅप्सूल, जुळ्याचं अंगडं, साताऱ्याला ठरलेलं सहाचं गणित. एक अक्षर वाढवलं नाही.

दाजींना हसू फुटलं. मास्कच्या आत सगळी वाफ झाली. उशाशी असलेलं यंत्र पिकपिक करायला लागलं, नर्स धावत आली, त्यांनी हातानं तिला थोपवलं. दम लागल्यानं एकेक शब्द सोडत होते.

"तू दुप्पट केलंस," ते म्हणाले, "आणि मी निम्मं केलं नाही."

"का केलं नाहीत, दाजी?"

"करणार होतो. तू राखणदाराला मिशा लावल्यास तेव्हाच केलं होतं. मग कॅप्सूल मोजल्या. एकशेऐंशी. तपासणी पंधरा दिवसांनी. दिवसाला बारा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. चाकात चाक बसावं तसं बसलं." थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिले. "म्हटलं, आज गुरुपाद खरं बोललाय. निलाच्या किडनीची गोष्ट आहे, इथं तो थाप मारणार नाही. तुझ्याबद्दल वाईट वाटलं मला. पस्तीस वर्षं निम्मं धरलं म्हणून."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय आखडून घेतले, झग्यातून जंतू जातील म्हणून नव्हे, तशी त्यांना सवय नव्हती म्हणून.

"अक्काला सांगतो आत्ता जाऊन," मी म्हणालो. "ती तुमच्याशी बोलत नाही. बाहेर बाकावर बसून असते."

"सांगायचं नाही."

"दाजी, ती तुम्हाला—"

"गुरुपाद, ऐक. नवरा तर चाललाच आहे तिचा. भाऊ तरी राहू दे. तिला तिसरं कोण आहे?"

मी कबूल केलं. तोंडानं 'हो' म्हणालो, आणि त्यांनी ते पूर्ण धरलं.

पुढचे सहा दिवस अक्का दिवसातून एकदाच आत जायची. दाजींच्या तोंडाकडं बघायची नाही. कॉटच्या कडेला लघवीची पिशवी लटकवलेली असायची, तिच्यासमोर वाकून उभी राहायची. पिशवी सकाळ-संध्याकाळ भरायची. एक केरळची नर्स होती, मोडकं मराठी बोलायची, स्वभावानं फार गोड. ती अक्काला खूश करायला सांगायची, ताई, बघा किती छान चालतेय तुमची किडनी, एवढ्या औषधांच्या माऱ्यातसुद्धा. अक्का मान हलवायची. मला बाहेर येऊन सांगायची, आज दोन लिटर. जणू सासरी पाठवलेल्या मुलीची खुशाली.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावून सांगितलं की आता फक्त वेळेचा प्रश्न आहे. अक्कानं शांतपणे विचारलं, "किडनी कशी आहे?"

"किडनी चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "ती शेवटपर्यंत चालेल."

"मग ती मला परत काढून देता येते का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. असं करता येत नाही, म्हणाले. अक्का म्हणाली, मला वापरायला नकोय, मला ठाऊक आहे की ते होत नसतं. नुसती द्या, बरणीत घालून द्या, दुसरं काही नको. ज्यांनी तिची किंमत केली नाही त्यांच्याबरोबर तिला पाठवायची नाही मला. मी शेजारच्या खुर्चीत. माझ्या जिभेवर तीनाचा आकडा आला होता, दातांपर्यंत आला होता. मी गिळला. ती आज्ञा होती म्हणून गिळला असं म्हणायला मला आवडतं.

नवव्या दिवशी दुपारी दाजी गेले. यंत्रावरची रेघ सपाट झाली, नर्सनं नळ्या काढल्या. पिशवीत शेवटचं शंभर-दीडशे मिली होतं. तिनं सवयीनं माप बघितलं आणि कागदावर लिहिलं.

जतला आणलं. आमच्यात, लिंगायतांत, पुरतात, बसवून. स्वामी आले, कपाळाला विभूती लावली, हातावर लिंग ठेवलं, गळ्यात बेलाची माळ. पेठ सगळी बंद. खड्ड्यात दाजींना पद्मासनात बसवलं तेव्हा ते घड्याळाकडं वाकल्यासारखे दिसत होते. एकेक जण पुढं येऊन मूठ मूठ माती टाकत होता. चहावाला आला. घड्याळं दुरुस्त करून नेलेली माणसं आली. माझी दोन्ही मुलं आली.

स्वामींनी अक्काला पुढं बोलावलं. तिनं माती उचलली नाही.

"टाका आई," स्वामी म्हणाले.

"मी काय टाकू?" अक्का म्हणाली. "माझं आधीच गेलंय आत. त्यानं वाया घालवलेलं."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पस्तीस वर्षं संसार केला, 'हे' आणि 'ह्यांना' याशिवाय नवऱ्याचा उल्लेख केला नाही, आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून ती त्याला 'त्यानं' म्हणाली. बायकांत कुजबुज झाली.

मी दोन पावलं पुढं झालो. सगळी पेठ समोर होती, खाली दाजी होते, आणि मी तोंड उघडलं. लोकांना वाटलं मी काहीतरी बोलणार. एकदोघांनी माना वर केल्या, बोलण्यासारखं काही असलं की मीच बोलतो हे त्यांना ठाऊक होतं.

मी खाली वाकलो, मूठभर माती घेतली, म्हणालो, "तिच्या नावानं मी टाकतो," आणि टाकली. मग माझ्या नावानं आणखी एक टाकली.

अक्कानं माझा हात धरला. थंडगार होता तिचा हात.

"एवढा शहाणा माणूस," ती हळूच म्हणाली, "आणि तीनपर्यंत मोजता आलं नाही."

मी म्हणालो, "नाही आलं, अक्का."

घर येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.